आयर्लंड कसे पाहावे: थोडी ठिकाणे, पुरती ओळख

आयर्लंडला निघालेले ओळखीचे लोक प्रवासाचा आराखडा दाखवायला आणतात, तेव्हा त्यात बहुतेक वेळा डब्लिन, मोहरचे कडे, ब्लार्नीचा किल्ला, केरीचा किनारा, बेलफास्ट आणि जायंट्स कॉजवे ही सगळी ठिकाणे एकाच आठवड्यात बसवलेली असतात. बेटाचा आकार महाराष्ट्राच्या चौथाईहून थोडासाच मोठा असल्यामुळे हे जमेल असे वाटते आणि गाडीने ते जमतेही. पण परतल्यावर हाती उरतात ती हिरव्या कुरणांची आणि पडक्या भिंतींची एकसारखी दिसणारी छायाचित्रे. आयर्लंडमधले अवशेष विजापूर-आग्र्यासारखे डोळे दिपवणारे नाहीत. एखादा पडका मनोरा, माळावरचे एकटे झाड, डोंगरउतारावरच्या समांतर रेघा यांच्यामागे काय घडले ते ठाऊक असेल, तरच त्या पाहण्याला अर्थ येतो. म्हणून माझा सल्ला असा की ठिकाणे निम्मी करावीत आणि उरलेली शक्य तितकी काळाच्या क्रमाने पाहावीत: आधी पाषाणयुग, मग मठ, मग डब्लिन, मग दुष्काळाने पोळलेली पश्चिम आणि शेवटी उत्तर. हाताशी दहा-बारा दिवस असतील, तर हा क्रम नकाशावरही फारसा उलटसुलट होत नाही.

निघण्यापूर्वी

आयर्लंड युरोपीय संघात असले तरी शेंगेन व्यवस्थेत नाही, त्यामुळे शेंगेन व्हिसा तेथे चालत नाही. भारतीय पारपत्रधारकाला आयर्लंडचा स्वतंत्र व्हिसा काढावा लागतो. उत्तर आयर्लंड हा युनायटेड किंग्डमचा भाग आहे. दोन्हीकडे जायचे असल्यास ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजनेचा शिक्का असलेला व्हिसा भारतीयांना मिळू शकतो आणि तो एकच व्हिसा दोन्ही देशांत चालतो. मात्र ज्या देशाने व्हिसा दिला असेल त्याच देशात पहिले पाऊल ठेवावे लागते. व्हिसा हाती आल्यावर हा शिक्का आहे की नाही हे त्याच दिवशी पाहावे. दोन्ही देशांमधल्या रस्त्यावर तपासणी नाके नसतात, म्हणून कागदपत्रे लागत नाहीत असा समज करून घेऊ नये.

मे, जून आणि सप्टेंबर हे महिने चांगले. जूनमध्ये रात्री दहाच्या सुमारासही उजेड असतो, त्यामुळे दिवस मोठा मिळतो. पाऊस कोणत्याही महिन्यात येतो, आणि वाऱ्यामुळे छत्रीचा उपयोग होत नाही. टोपीचे जलरोधक जाकीट आणि पाणी न शिरणारे बूट हेच खरे सामान. वाहने आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, पण खेड्यांतले रस्ते इतके अरुंद असतात की समोरून ट्रॅक्टर आला तर एकाला मागे जावे लागते. अशा वेळी जागा देणाऱ्याला स्टिअरिंगवरचे एक बोट उचलून दाद देण्याची रीत आहे, ती आपणही पाळावी. अनेक पुरातन वास्तू सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्याकडे आहेत. त्यांतल्या चार-पाच पाहायच्या असतील तर खात्याचे वार्षिक हेरिटेज कार्ड घेणे स्वस्त पडते.

सुरुवात न्यूग्रेंजपासून

डब्लिनच्या उत्तरेला साधारण ५० किलोमीटरवर, मीथ काउंटीत, बॉइन नदीच्या वळणात न्यूग्रेंजची समाधी आहे. ती इ. स. पूर्व ३२०० च्या सुमारास बांधली गेली, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांहूनही ती कित्येक शतके जुनी आहे. ज्यांनी ती बांधली त्यांना धातू ठाऊक नव्हता. थेट समाधीपाशी जाता येत नाही. ब्रू ना बोन्या या अभ्यागत केंद्रावर जाऊन तेथील बसने, ठरलेल्या वेळी, मार्गदर्शकासोबतच जावे लागते. आत एका वेळी मोजकीच माणसे सोडतात, म्हणून आरक्षण घरूनच करून निघावे.

आतला मार्ग १९ मीटर लांबीचा आहे आणि काही ठिकाणी अंग तिरपे करून, पोट आत घेऊन पुढे सरकावे लागते. टोकाला एक दालन लागते. त्याचे छत एकावर एक किंचित पुढे सारलेल्या शिळांनी मिटवत नेलेले आहे; चुना नाही, गिलावा नाही, आणि पाच हजार वर्षांत आत पाणी झिरपलेले नाही. दारावर एक छोटी झडपवजा खिडकी आहे. दक्षिणायनाच्या शेवटी, २१ डिसेंबरच्या आसपासच्या काही सकाळी, उगवत्या सूर्याचा किरण त्या खिडकीतून शिरून थेट दालनाच्या जमिनीवर पोहोचतो आणि सुमारे १७ मिनिटे तेथे राहतो. १९६७ साली मायकल ओ'केली या पुरातत्त्वज्ञांनी आत उभे राहून हे प्रथम पाहिले आणि नोंदवले. त्या दिवसांत आत जागा मिळण्यासाठी सोडत काढली जाते. पण इतर वेळीही मार्गदर्शक सगळे दिवे मालवतात आणि विजेच्या दिव्याने तो किरण दाखवतात. मी गेलो तेव्हा त्या काळोखात कोणी खोकलेसुद्धा नाही. मग जमिनीवर पिवळसर रेघ उमटली, बोटभर रुंद, आणि हळूहळू ती आमच्या बुटांपर्यंत आली. दिवा खोटा आहे हे माहीत असूनही अंगावर काटा आला.

बाहेर आल्यावर दारासमोरच्या आडव्या शिळेवरची तिपेडी वर्तुळे नीट पाहावीत. त्यांचा अर्थ कोणी खात्रीने सांगू शकलेले नाही. समोरची पांढऱ्या गारगोटीची भिंत मात्र विसाव्या शतकात उत्खननानंतर उभारलेली आहे आणि ती मुळात तशीच होती का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

मठ आणि मनोरे

पाचव्या शतकात ख्रिस्ती धर्म येथे रुजला तो संत पॅट्रिक यांच्या नावाशी जोडलेला आहे, आणि त्यापुढच्या शतकांत आयर्लंडभर मठ उभे राहिले. ते पाहण्यासाठी विकलो काउंटीतले ग्लेंडलॉख किंवा शॅनन नदीकाठचे क्लॉनमॅकनॉइज, यांपैकी एक निवडले तरी पुरे. ग्लेंडलॉख या नावाचा अर्थच दोन तळ्यांची दरी. सहाव्या शतकात संत केविन येथे एकांतासाठी आले आणि त्यांच्यामागून मठाचे गाव वसले. तेथला गोल मनोरा सुमारे ३० मीटर उंच असून त्याचे दार जमिनीपासून साडेतीन मीटरवर आहे. व्हायकिंग लुटारू चालून आले की साधू शिडीने वर चढून शिडी ओढून घेत, ही कथा प्रत्येक मार्गदर्शक सांगतो. ती रंजक आहे, पण आयरिश भाषेत या मनोऱ्यांचे नाव घंटाघर असे आहे, आणि उथळ पायावरचा उंच मनोरा टिकावा म्हणून दार वर ठेवले असावे हे कारणही तितकेच पटण्यासारखे आहे. सकाळी नऊच्या आत पोहोचलात तर सहलीच्या बसगाड्यांआधी वरच्या तळ्याकाठची तासभराची चाल शांतपणे होते.

आणखी एक जागा मनात असेल, तर केरीच्या किनाऱ्यापासून सुमारे १२ किलोमीटर आत समुद्रात असलेले स्केलिग मायकल. सहाव्या शतकाच्या सुमारास साधूंनी या उघड्या खडकावर मधाच्या पोळ्यासारख्या दगडी कुट्या बांधल्या. वर जायला ६१८ पायऱ्या आहेत, कठडा नाही, स्वच्छतागृह नाही, आणि समुद्र खवळला तर होडी सुटतच नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी, उंचीची भीती वाटणाऱ्यांनी किंवा फक्त एकच दिवस राखून ठेवलेल्यांनी हा बेत करू नये.

डब्लिन: १९१६ चे शहर

डब्लिनसाठी दोन पूर्ण दिवस हवेत. पहिला दिवस वस्तूंसाठी ठेवावा. किल्डेअर स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय संग्रहालयात सोन्याचे प्राचीन अलंकार, आर्डाचा चषक, टारा ब्रूच आणि दलदलीत शेकडो वर्षे टिकून राहिलेली मानवी शरीरे आहेत. प्रवेश विनामूल्य आहे. डब्लिन कॅसलच्या आवारातील चेस्टर बीटी संग्रहही विनामूल्य असून त्यातली मुघल लघुचित्रे मुद्दाम पाहण्याजोगी आहेत. ट्रिनिटी कॉलेज १५९२ साली स्थापन झाले. तेथील 'बुक ऑफ केल्स' हे इ. स. ८०० च्या सुमाराचे, वासराच्या कातड्यावर लिहिलेले शुभवर्तमानांचे हस्तलिखित. एका वेळी उघडे असते ते एकच पान-जोड, म्हणून पानांतल्या नक्षीविषयी आधी थोडे वाचून जावे. शेजारच्या लाँग रूममधली पुस्तके संवर्धनासाठी हलवण्याचे काम हाती घेतलेले असल्याने रिकामी कपाटे दिसली तर हिरमुसू नये.

दुसरा दिवस मात्र पुरता १९१६ ला द्यावा. २४ एप्रिल १९१६ रोजी, ईस्टरच्या सोमवारी, ओ'कॉनेल स्ट्रीटवरचे मुख्य टपाल कार्यालय ब्रिटिश राजवटीविरुद्ध उठलेल्या बंडखोरांनी ताब्यात घेतले आणि पॅट्रिक पिअर्स यांनी त्याच्यासमोर प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचला. टपाल कार्यालय आजही चालू आहे. बंड आठवडाभरात मोडले. बहुतेक डब्लिनकर तेव्हा बंडखोरांच्या बाजूचे नव्हते. त्यांचे मन पालटले ते पुढच्या दिवसांत, किलमेनम तुरुंगात. ३ ते १२ मे या काळात तेथे १४ जणांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांतल्या जोसेफ प्लंकेट यांचा विवाह ग्रेस गिफर्ड यांच्याशी तुरुंगातल्याच प्रार्थनागृहात रात्री लागला आणि काही तासांनी, ४ मे रोजी पहाटे, त्यांना मारण्यात आले. जेम्स कॉनोली जखमी होते, उभे राहू शकत नव्हते. त्यांना खुर्चीला बांधून गोळ्या घातल्या. त्या अंगणात आता दोन साधे काळे क्रूस आहेत, एक या कोपऱ्यात आणि एक त्या. फिरवून आणणारा मार्गदर्शक तेथे आवाज खाली आणतो, आणि छायाचित्रासाठी उभे राहायला कोणी सांगत नाही. किलमेनम केवळ मार्गदर्शित फेरीतूनच पाहता येते आणि उन्हाळ्यात तिकिटे फार लवकर संपतात; विमानाच्या तिकिटानंतर पहिले आरक्षण याचेच करावे.

मराठी वाचकाला या वर्षाचा एक धागा जवळचा वाटेल. त्याच एप्रिल महिन्यात लोकमान्य टिळकांनी बेळगावात होमरूल लीग स्थापन केली आणि 'होमरूल' हा शब्दच आयर्लंडच्या सनदशीर राजकारणातून आलेला होता. पुढे आपल्या राज्यघटनेतली मार्गदर्शक तत्त्वे आयर्लंडच्या १९३७ च्या घटनेवरून घेतली गेली. हिरवा, पांढरा आणि नारिंगी हे आयरिश ध्वजाचे रंग मात्र आपल्या ध्वजाशी संबंधित नाहीत: हिरवा तिथल्या कॅथलिक परंपरेचा, नारिंगी प्रॉटेस्टंटांचा आणि मधला पांढरा दोघांमधल्या सलोख्याचा.

दुष्काळाच्या खुणा

पश्चिमेकडे निघण्याआधी डब्लिनच्या कस्टम हाउस की या धक्क्यावरची रोवन गिलेस्पी यांची कांस्यशिल्पे पाहून जावे: हाडाची काडे झालेली माणसे बोचकी घेऊन जहाजाकडे चालली आहेत. १८४५ साली बटाट्याच्या पिकावर बुरशीजन्य करपा आला आणि पुढची काही वर्षे तो परतत राहिला. गरीब कुळांचे पोट बटाट्यावर चाले, धान्य व गुरे ही खंडासाठी विकायची असत. बटाटा कुजत असताना धान्य बंदरांतून बाहेर जात राहिले आणि खंड थकलेल्यांना घरांतून काढले गेले. १८५२ पर्यंत सुमारे १० लाख माणसे भुकेने व साथींनी मेली, आणि त्याहून अधिक देशांतरास गेली. १८४१ च्या जनगणनेत बेटाची लोकसंख्या ८० लाखांवर होती. ती आजही त्या आकड्याला परत पोहोचलेली नाही. उपाशी आयरिशांसाठी कलकत्त्यात निधी गोळा झाला होता, आणि अमेरिकेत स्वतः देशोधडीला लागलेल्या चोक्टॉ या मूळनिवासी लोकांनी १८४७ मध्ये पैसे पाठवले. त्यांच्या कृतज्ञतेसाठी कॉर्क काउंटीत मिडलटन येथे पोलादी पिसांचे शिल्प उभारलेले आहे.

स्ट्रोक्सटाउनचे दुष्काळ संग्रहालय वाटेवर पडत असेल तर अर्धा दिवस द्यावा. पण सर्वांत बोलकी खूण फुकट आहे आणि तिच्यावर फलक नाही. कॉनेमारात किंवा मेयोत सूर्य कलला की डोंगरउतारांकडे पाहावे. तिरप्या उन्हात गवताखालून समांतर वरंबे उठून दिसतात, शेताच्या कुंपणाबाहेर, जिथे आज कोणी काही पिकवणार नाही इतक्या वर. ते बटाट्याचे वाफे आहेत. लावणारे परत आले नाहीत आणि जमीन पुन्हा कोणी नांगरली नाही. बटाट्यावरून आयरिश माणसाची थट्टा का करू नये, हे तेथे उभे राहिल्यावर कोणाला सांगावे लागत नाही.

पश्चिम: कडे, चुनखडी आणि भाषा

क्लेअर काउंटीतले मोहरचे कडे १४ किलोमीटर पसरलेले असून सर्वाधिक उंची २१४ मीटर आहे. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जावे, आणि कुंपण ओलांडून कड्याच्या टोकाशी जाऊ नये. वाऱ्याचा झोत अचानक येतो. जवळच बरेन हा उघड्या चुनखडीचा माळ आहे. करड्या फरशांच्या भेगांमधून मे महिन्यात रानफुले डोकावतात आणि पुलनाब्रोनची पाषाणयुगीन समाधी त्या माळावर एकटी उभी आहे. मला कड्यांपेक्षा बरेनच अधिक लक्षात राहिले.

शेतात एकटेच उभे असलेले हॉथॉर्नचे झाड दिसले तर त्याची फांदी मोडू नये. ती झाडे अदृश्य लोकांची मानली जातात. श्रद्धा किती जणांची खरी आहे हे विचारण्यात अर्थ नाही. क्लेअरमध्ये लाटून येथे अशा एका झाडासाठी महामार्गाच्या आखणीत काळजी घेतली गेली, इतके सांगितले म्हणजे पुरे.

गॉलवेच्या पश्चिमेला आणि अरन बेटांवर आयरिश ही घरची भाषा आहे. ती इंग्रजीची बोली नव्हे, स्वतंत्र भाषा आहे आणि घटनेने तिला पहिल्या राजभाषेचा मान आहे. गावांच्या नावांतले 'बॅली' म्हणजे वाडी, 'किल' म्हणजे चर्च, 'डन' म्हणजे गढी. एवढे कळले तरी नकाशा वाचता येऊ लागतो. भेटल्यावर 'दिअ ग्विच', आभारासाठी 'गो रेव माह अगत' एवढे दोन शब्दप्रयोग शिकून जावेत. उच्चार चुकला तरी ऐकणाऱ्याचा चेहरा खुलतो. स्वच्छतागृहाच्या दारांवर मात्र जपून: 'फिर' म्हणजे पुरुष आणि 'म्नॉ' म्हणजे स्त्रिया, आणि रोमन 'एम'ने सुरू होणारी पाटी पाहून बरेच पुरुष चुकीच्या दारात शिरतात.

बैठक, चहा आणि हर्लिंग

पब म्हणजे केवळ दारूचे दुकान नव्हे. गावाची ओटी म्हणावी अशी ती जागा आहे. न पिणाऱ्याने तेथे चहा किंवा सोडा मागितला तर कोणी भुवया उंचावत नाही. मुलांना रात्री नऊनंतर, उन्हाळ्यात दहानंतर, थांबता येत नाही. सोबत बसलेले आळीपाळीने सर्वांसाठी पेये आणतात; एकाने आणले ते स्वीकारले तर पुढची पाळी आपली, हे विसरू नये.

संगीताची बैठक, जिला 'सेशन' म्हणतात, ती मैफल नसते. वादक एका कोपऱ्यात गोल बसतात, फिडल, बासरी, बौरॉन नावाचा हातडफ आणि काखेतल्या भात्याने वाजणारे इलन पाइप्स घेऊन, आणि एकमेकांसाठी वाजवतात. त्यांच्या खुर्च्यांवर बसू नये, फर्माईश करू नये, टाळ्यांचा ठेका धरू नये. डूलिनमध्ये एका रात्री वादन थांबले आणि भिंतीशी बसलेल्या एका आजींनी डोळे मिटून साथीशिवाय गायला सुरुवात केली. गल्ल्यावरचा मुलगा ग्लास धुवायचा थांबला. शेजारच्या माणसाने त्यांचा हात हातात घेतला आणि ओळीमागून ओळ तो हळूहळू फिरवत राहिला. जुन्या पद्धतीच्या गाण्यात गाणाऱ्याला असा आधार देण्याची रीत आहे. अशा वेळी भ्रमणध्वनी खिशातच ठेवावा.

घरी बोलावले तर चहा पहिल्यांदा नको म्हटल्यावर पुन्हा आग्रह होईलच, हे आपल्याला समजावून सांगायला नको. शाकाहारी मंडळींना सोडा ब्रेड, लोणी, बटाटा व कोबीचे कोलकॅनन मिळते. सूपमध्ये मांसाचा रस्सा आहे का ते विचारावे, आणि न्याहारीतले ब्लॅक पुडिंग डुकराच्या रक्ताचे असते हे ध्यानात ठेवावे. आपण महाराष्ट्रातले म्हटल्यावर लिओ वराडकरांचा विषय निघू शकतो: ते २०१७ मध्ये पंतप्रधान झाले, आणि त्यांच्या वडिलांचे मूळ गाव मालवण तालुक्यातले वराड.

उन्हाळ्यात हर्लिंगचा, म्हणजे काठी आणि चेंडूच्या आयरिश खेळाचा, सामना मिळाला तर सोडू नये. डब्लिनचे क्रोक पार्क ८२,००० हून अधिक प्रेक्षकांचे आहे, तरी मैदानातले खेळाडू हौशी असतात. सोमवारी ते शाळेत शिकवायला किंवा शेतावर कामाला जातात. याच मैदानावर २१ नोव्हेंबर १९२० रोजी ब्रिटिश दलांनी सामना चालू असताना गोळीबार केला आणि १४ जण दगावले. मारला गेलेला खेळाडू मायकल होगन याचे नाव तेथील एका स्टँडला आहे.

उत्तरेकडे

बेटावरच्या ३२ काउंट्यांपैकी सहा उत्तर आयर्लंडमध्ये आहेत. सीमा कळते ती रस्त्यावरच्या वेगफलकांवरून: किलोमीटर जाऊन मैल येतात, कडेची पिवळी रेघ पांढरी होते आणि युरोच्या जागी पौंड लागतात. भाड्याची गाडी असेल तर सीमेपलीकडे नेणार असल्याचे आधी सांगून ठेवावे. दक्षिणेतल्या माणसाला 'तुम्ही ब्रिटिशच ना' असे म्हणणे दुखावणारे आहे, आणि उत्तरेत कोण स्वतःला आयरिश म्हणवेल आणि कोण ब्रिटिश, हे आपण ठरवू नये. एकाच शहराला काही जण डेरी म्हणतात आणि काही लंडनडेरी; समोरचा जे नाव घेईल तेच आपण घ्यावे. तेथला १६१८ साली पुरा झालेला तट चालत फिरता येतो आणि त्यावरून बॉगसाइड वस्ती दिसते, जिथे ३० जानेवारी १९७२ रोजी ब्रिटिश सैनिकांच्या गोळ्यांनी मोर्चातले १३ जण त्याच दिवशी मेले. आयर्लंडशी जोडले जावे म्हणणारे आणि ब्रिटनमध्येच राहावे म्हणणारे यांच्यातल्या हिंसक संघर्षाचा तो काळ होता. १० एप्रिल १९९८ च्या करारानंतर शांतता आली, पण त्या काळात माणसे गमावलेली घरे अजून तेथेच आहेत. कोणी आपण होऊन सांगू लागले तर ऐकावे; आपण होऊन 'तुमची बाजू कोणती' हे विचारू नये.

परतीच्या वाटेवर अँट्रिमच्या किनाऱ्यावर जायंट्स कॉजवे आहे. ज्वालामुखीचा लाव्हा थंड होताना तडकून बेसाल्टचे सुमारे ४०,००० खांब तेथे तयार झाले, बहुतेक षट्कोनी. लोककथेत मात्र फिन मॅक्कूल या राक्षसाने स्कॉटलंडच्या प्रतिस्पर्ध्याशी लढायला हा बांध घातला. अभ्यागत केंद्राला तिकीट आहे, खांबांपर्यंत चालत जायला नाही. उतारावरची वाट सोपी आहे. समुद्रालगतचे काळे खांब ओले आणि शेवाळलेले असतात, म्हणून कोरड्या, करड्या खांबांवरच बसावे आणि लाटेकडे पाठ करू नये.